भट्टीची उरलेली धग

लहान गावात स्वस्ताई असते असं म्हणणाऱ्याला महिनाभर आमच्या घरी पाठवा. साबणाच्या वडीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळं ट्रकमधून येतं आणि त्या ट्रकचं भाडं आमच्याच बोकांडी बसतं. दात दुखला तरी डॉक्टरच्या आधी बसवाल्याला पैसे मोजा. मिळकत मात्र इथलीच, चिमणीच्या चोचीएवढी. असल्या गावात माझ्या सासूबाई तीस वर्षं पावाची भट्टी चालवतायत. त्या बाईकडे बघून मी अजूनही तोंडात बोट घालते.

तसं आमचं रोज वाजतं. मी तोंडाची फटकळ, त्या मुलखाच्या हट्टी. नवरा मध्ये पडत नाही, पिठाची पोती उतरवायचं निमित्त करून सटकतो.

आमच्या घराचा मागचा अर्धा भाग म्हणजे भट्टीच. पहाटे आत लाकूड पेटवायचं, विटा तापल्या की निखारे बाहेर ओढायचे आणि पाव सरकवायचे. दुपारपर्यंत पाव होतात, पण विटा संध्याकाळपर्यंत गरम राहतात. त्या उरलेल्या धगीवर आमची अख्खी गल्ली जेवते! दुपारी बायका भांडी आणून देतात. कुणाचं कडधान्य, कुणाची डाळ, कुणाच्या म्हाताऱ्याची पेज. दिवेलागणीला शिजलेलं घेऊन जातात. पैसे वगैरे काही नाही. सासूबाई लांब दांड्याच्या फावड्याने एकेक भांडं आत ढकलतात. भांडं हलकं लागलं की त्या घरात काय चाललंय ते त्यांना कळतं. मग त्या घरचं कुणी पाव न्यायला आलं की एक पाव जास्त जातो. "मोजताना चुकलं गं," मला म्हणतात. जन्मात कधी मोजायला न चुकलेली बाई!

यंदा पीठ महागलं. लाकडाचं तर विचारूच नका. मी म्हटलं, "आई, आता भाव वाढवा, नाहीतर जळणाऐवजी आपल्यालाच आत जाऊन बसावं लागेल."

"पाव महागला की घरातली बाई आधी स्वतःचा तुकडा कमी करते," त्या म्हणाल्या.

बरेच दिवस जुंपली आमची. शेवटी त्यांनी भाव वाढवला. पाव खपले, कुणी कुरकुरलंसुद्धा नाही. पण त्या दुपारी भांडं एकही आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही. सासूबाई फावडं मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसायच्या. "गल्ली रुसली," एवढंच म्हणायच्या. जेवण अर्धं टाकून उठायच्या. मग एका दुपारी उद्याचं पीठ मळता मळता म्हणाल्या, "त्या गोदामवाल्याला आज हो म्हणून टाकते. माणसं तोडून कसली भट्टी चालवायची?"

गोदामवाला ट्रकचा माल ठेवायला कधीचा आमच्या जागेवर डोळा ठेवून होता. संध्याकाळी यायचाच होता तो. भट्टी पाडणार होता! माझं तर डोकंच फिरलं. हात धुतले आणि तरातरा समोरच्या शिंपिणीकडे गेले.

"पाव जरा महागला तर एवढं तोंड फिरवायचं? काय खाल्लं नाहीस तू आमच्या भट्टीतलं?"

शिंपीण चुलीशी फुंकर मारत होती. ओली काटकी, घरभर धूर, डोळे लाल. तिची पोरगी कच्चट कडधान्य कुडुमकुडुम चावत होती.

"अगं ए वेडे, राग कसला?" शिंपीण म्हणाली. "काकूंना लाकूड परवडेना म्हणून भाव वाढवला ना त्यांनी? मग आमची भांडी फुकटात त्यांची धग खातात, ते कसं चालायचं? सगळ्यांनी मिळून ठरवलं, भांडी नाही न्यायची. आणि सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का?"

तिचं खरं होतं. त्या दिवसांत पहाटे विटा कोमट सापडायच्या आणि लाकूड चांगलं कवळाभर, दोन्ही हातांच्या मिठीत मावेल एवढं, कमी लागायचं. आमचं कवळाभर लाकूड वाचावं म्हणून गल्ली अर्धंकच्चं खात होती. काय माणसं म्हणायची ही!

घरी येऊन सगळं एका दमात सांगितलं, लाकडाचंसुद्धा. सासूबाईंनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, हाताचं पीठ झटकलं आणि गल्लीच्या मधोमध जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ए शहाण्यांनो! भांड्यांनी लाकूड जास्त लागतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? रिकामी भट्टी भकाभका निवते! भांडी असली की ऊब धरते. तुमच्यापायी माझं दुप्पट लाकूड जळलं. आणा ती भांडी, मुकाट्याने!"

धडधडीत खोटं! भर दुपारी, तेही खणखणीत आवाजात. मी दारात उभी राहून बघत राहिले. तासाभरात फावड्याला उसंत राहिली नाही. संध्याकाळी गोदामवाला आला, त्याला एक गरम पाव हातात देऊन वाटेला लावलं.

दुसऱ्या पहाटे विटा गार होत्या. ते कवळाभर जादा लाकूड मी मुकाट्याने आत घातलं. सकाळी शिंपीण पाव न्यायला आली आणि मान लांब करून भट्टीकडे बघायला लागली.

"खरंच कमी लागतं का गं लाकूड?" तिने मलाच विचारलं.

पाव देता देता सासूबाईंचा हात थांबला. लाकडाच्या काडीकाडीवरून मी त्यांच्याशी भांडलेय, हे गल्लीला ठाऊक होतं. मी हो म्हटलं तरच ते खरं ठरणार होतं.

"कमी? निम्म्यावर आलंय," मी म्हटलं. "आणि आज भांडं जरा भरून आण."