कानयंत्रातली तडतड

पोलादपूरला आमचं बिऱ्हाड हललं त्याच वर्षी मला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा कान गेले होते. मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. अगदी ठार बहिरी झाले असं नाही. डाव्या कानाशी तोंड आणून कोणी ओरडलं तर काहीतरी गुरगुरल्यासारखं कळायचं, पण शब्द म्हणून काही लागायचं नाही. महाडच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की तापावरचं कोयनेल फार पोटात गेल्यानं असं होतं कधीकधी, येईल हळूहळू. दोन वर्षं वाट पाहिली. आलं नाही.

हे तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. घरात आमचं बोलणं पाटीवर चालायचं. हे पाटीवर लिहायचे, मी तोंडानं उत्तर द्यायची. मुलगी रडली तरी मला कळत नसे, म्हणून शेजारच्या काकी दिवसातून दहा वेळा येऊन बघून जात. त्या मूळच्या वरच्या वाडीतल्या. यजमान मुंबईला गिरणीत, आणि स्वतःचं मूलबाळ नव्हतं. हळूहळू पोर त्यांच्याच ओटीवर जास्त असायची. मला त्याचं बरंच वाटायचं, कारण मी थकलेली असे. ऐकू न येण्यात एवढे श्रम असतात हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. समोरच्याच्या ओठांकडे दिवसभर टक लावून संध्याकाळी डोळे असे दुखायचे की दिवा नको वाटायचा.

माझे थोरले दीर मुंबईला टेलिफोनच्या कामावर होते. त्यांनी एका पत्रात लिहिलं की विलायतेत बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारी यंत्रं निघाली आहेत आणि तसलं घरीही करता येतं. बोलायचं टेलिफोनचं तोंड, मध्ये आवाज वाढवणारे दोन व्हॉल्व्ह आणि कानाला हेडफोन. झालं, ह्यांनी ते मनावर घेतलं. दिरांनी निकामी म्हणून काढलेल्या टेलिफोनचं तोंड, जुना हेडफोन, काचेचे दोन व्हॉल्व्ह आणि एक इंग्रजी पुस्तक असं सगळं कापसात गुंडाळून बोटीनं पाठवलं. हे दासगावला जाऊन लाँचवरून ते खोकं उतरवून घेऊन आले. येताना बैलगाडीत खोकं मांडीवर धरून बसले होते म्हणे, व्हॉल्व्ह फुटतील म्हणून.

दिवाळीनंतर कामाला लागले ते शिमग्यापर्यंत. पोलादपूरला वीज कुठली? म्हणून दोन बॅटऱ्या. एक तेजाबाची, व्हॉल्व्ह पेटवायला. ती उतरली की मोटारीत घालून महाडला भरायला न्यावी लागे. दुसरी मोठी कोरडी, डझनांनी सेल एकत्र बांधून वर डांबर ओतलेली. बाकी सगळं एका लाकडी फळीवर मांडलेलं. तारांना डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून त्या जोडायला, हे महाडच्या एका पत्रेवाल्याकडून शिकून आले होते.

पहिल्यांदा हेडफोन कानाला लावला तेव्हा अशी किंचाळी आली की मी तो काढून फेकला. ह्यांना काही ऐकू आलं नाही. हीच सगळ्या कामातली मोठी अडचण होती. आवाज फक्त माझ्या कानात, आणि दुरुस्ती त्यांच्या हातात. हेडफोन स्वतः लावून पाहिला तर धडधाकट कानाला तो एवढा मोठा वाटे की त्यात काय बिघडलंय ते त्यांना कळेना. मग रोज शाळा सुटल्यावर मी पडवीत पाटावर बसायची, कानावर ते लोखंडी पट्टीचं ओझं, आणि हे पाटीवर एकच लिहून समोर धरायचे: "काय ऐकू येतं?"

मी मला येतील तशा उपमा द्यायची. कुत्र्याचं पिल्लू केकाटतंय. घंटा वाजून विरतेय. फोडणीत मोहरी तडतडतेय. हे ऐकून पुस्तकात शोधायचे. किंचाळी थांबली ती टेलिफोनचं तोंड माझ्यापासून लांब, दाराच्या पलीकडे नेऊन ठेवल्यावर. कानातला आवाज परत त्याच तोंडात शिरून गोल फिरत होता. घंटा थांबली व्हॉल्व्हच्या खाली मोटारीच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातल्यावर. फळीला नुसता धक्का लागला तरी काचेच्या आतलं काहीतरी हलायचं आणि मला देवळात असल्यासारखं वाटायचं.

मोहरी मात्र थांबेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी सगळे सांधे उकलून पुन्हा डाग दिले. आठ दिवस बरं वाटलं. बोलणं आवाज म्हणून येत होतं, शब्द अजून फुटत नव्हते. मग पाऊस सुरू झाला आणि तडतड दुप्पट झाली. एक सांधा हलवला की थांबायची, हात काढला की पुन्हा. हे एकेक तार काडीनं दाबत जायचे आणि प्रत्येक तारेला माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची. नाही. नाही. नाही. ह्यांच्या धोतराला तेजाबानं भोकं पडली होती, बोटं पोळली होती. माझ्या कानांच्या पाळ्या सुजायच्या. स्वयंपाक उशिरा व्हायचा. श्रावणातले किती दिवस असे गेले ते आता सांगता येणार नाही, सगळे एकच दिवस असल्यासारखे आठवतात.

अशाच एका दुपारी मी खोटं बोलले. ह्यांनी काहीतरी घट्ट केलं, दाराआड गेले आणि तिथून हात वर करून खूण केली. कानात मोहरी उडतच होती. त्यामागे काहीतरी आवाज आला. मी म्हटलं, "हो, आता स्वच्छ येतंय. चहा करतेस का म्हणालात ना?"

हे बाहेर आले. ह्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं: "मी काही बोललोच नव्हतो. नुसता खोकलो."

मी हेडफोन काढून खाली ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मी दमले. मला नको ते यंत्र." ह्यांनी आधीची अक्षरं धोतराच्या सोग्यानं पुसली आणि लिहिलं: "मीही दमलो." दोन दिवस पाटी कोनाड्यातच होती. जेवायला वाढताना आम्ही खुणांनी भागवलं.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. हे बॅटरी भरायला महाडला निघाले आणि जाताना फळीही फडक्यात बांधून घेतली. ती नदीत टाकायला नेतात की काय असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी काही विचारलंही नाही. बॅटरी भरायची ती एका मुसलमान गृहस्थांच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात. त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर बिनतारी यंत्रांच्या कामाला होता, त्यामुळे त्यांना असल्या गोष्टींची माहिती होती. त्यांनी फळी उजेडात धरली आणि ह्यांना सांध्यांवरचा हिरवा थर दाखवला. पत्र्याला डाग देताना लावतात ते तेजाब ह्यांनी तारांना लावलं होतं. पत्रा जाड असतो, त्याला ते चालतं. बारीक तार आमच्याकडच्या दमट हवेत ते आतून खाऊन टाकतं. "मास्तर, तुमचं काम चोख आहे," ते म्हणाले, "पण हे तेजाब गोड बोलून घर खातं. तारेला राळ लावा, नुसती राळ." हे सगळं हे संध्याकाळी येऊन पाटीवर लिहीत होते, एक पाटी भरली की पुसून दुसरी. इतकं भरभर लिहिलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी मिळून सगळे सांधे पहिल्यापासून केले. खाल्लेली टोकं तोडून टाकली, तारा काचकागदानं घासल्या. मी चिमट्यानं तार धरायची, हे राळ लावून डाग द्यायचे. घरभर राळेचा वास भरून राहिला. फळीही चुलीच्या वर टांगून चार दिवस वाळवली, मग तिला मेण पाजलं. एवढं झाल्यावर कानाला लावलं तर मोहरी गेली होती. लांबवर पाऊस पडत असावा तशी एक सुरसुर उरली होती. टेलिफोनच्या तोंडात कोळशाचा भुगा असतो, त्याची ती. ती जाणार नाही असं पुस्तकातच लिहिलं होतं.

पण चार दिवसांनी नवीनच सुरू झालं. मी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "दासगावची लाँच. फट फट फट फट. अगदी धक्क्याला लागताना करते तशी." ह्यांनी पुस्तक उघडलं, एका पानावर बोट ठेवून माझ्यासमोर धरलं आणि हसायला लागले. इंग्रजी मला येत नव्हतं. ह्यांनी पाटीवर लिहून दिलं की साहेब लोकही त्या आवाजाला मोटारबोटच म्हणतात. कोरडी बॅटरी थकली की असं होतं. इतक्या महिन्यांत ह्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. नवी बॅटरी मुंबईहून यायला महिना लागला.

ती जोडली त्या दिवशी हे दाराआड गेले आणि बराच वेळ काहीच आलं नाही. नंतर कळलं, काय बोलावं तेच सुचत नव्हतं. मग कानात आलं, "आज शनिवार आहे." मी म्हटलं, "शनिवार." हे म्हणाले, "सकाळची शाळा होती." मी म्हटलं, "सकाळची शाळा." ह्यांचा आवाज मला आठवत होता त्याहून जाड झाला होता, खडूनं घसा बसल्यासारखा. चार वर्षांनी ऐकत होते. मला रडू वगैरे आलं नाही. भिंतीला टेकून बसावंसं मात्र वाटलं.

मग ह्यांनी मुलीला बोलावलं आणि त्या तोंडाशी उभं केलं. ती साडेचार वर्षांची झाली होती. तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. नुसतं तान्हेपणीचं रडणं.

"आई गो," ती म्हणाली, "तुला ऐकू येतंय काय? माझा परकर अजून वाळला नाय. काकीकडं हाय."

एवढी वर्षं तिच्या ओठांवरून मी जे वाचत होते त्याला आवाज माझ्या मनातला देत होते, आणि तो आवाज महाडचा, माझ्या माहेरचा होता. ती 'नाय' म्हणायची तिथे मी 'नाही' ऐकत होते. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, 'नाय' नव्हे, 'नाही' म्हणावं. 'हाय' नव्हे, 'आहे'. आणि वर विचारलं, "हे असलं बोलणं कोणाकडून उचललंस?" ह्यांनी पाटी न घेता यंत्रातूनच सांगितलं की त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं, शाळेतली सगळीच मुलं तशी बोलतात, आणि मला कळवून काय करायचं होतं?

माझं बोलणं किती मोठ्यानं जातं याचा मला अंदाज नसे. ते शेजारी स्पष्ट ऐकू गेलं. दुसऱ्या दिवसापासून काकी आल्या नाहीत. मुलगीही यंत्राजवळ यायला तयार होईना. बोलावलं की ओठ घट्ट मिटून उभी राहायची. ज्याच्यासाठी वर्षभर कानांची सालं काढली ते यंत्र चालू होतं आणि त्यात बोलायला कोणी नव्हतं.

तीन दिवसांनी मी ह्यांना म्हटलं, यंत्र काकींच्या ओटीवर न्या. हे काही न विचारता फळी आणि दोन्ही बॅटऱ्या एकेक करून उचलून घेऊन गेले. काकी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हेडफोन लावला आणि म्हटलं, माझं चुकलं. तेही मोठ्यानंच म्हणाले असणार. काकींनी टेलिफोनच्या तोंडाकडे संशयानं बघितलं, मग त्याच्याजवळ सरकल्या.

"बाई, पोर माझ्याकडं वाढली," त्या म्हणाल्या. "ती माझ्यासारखीच बोलायची. तुमच्यासारखं बोलनं मी कुठनं आणू?"

त्यांचाही आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. बारीक होता, आणि मला वाटत होतं त्यापेक्षा तरुण. मी म्हटलं, "आणू नका." त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन मुलीचा परकर आणून माझ्या मांडीवर ठेवला. घडी घातलेला होता.

पुढे आठवड्यातून दोन दुपारी यंत्र लावायचं असं ठरलं, कारण बॅटरी तेवढीच पुरायची. मुलगी यायला आणखी पंधरा दिवस लागले. एका दुपारी आपणहून आली आणि काकींच्या शेळीला दोन पिल्लं झाल्याची हकीकत सांगायला लागली. एक काळं हाय, एक पांढरं हाय, पांढरं दूध पीत नाय. मी मध्ये बोलले नाही. अर्ध्या तासानं कान ठणकायला लागले तेव्हा हेडफोन काढला आणि म्हटलं, बस झालं आज. ती थांबली नाही. मी नेहमीसारखी तिच्या ओठांकडे बघत बसले.