उलटं चिन्ह

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय—कुणास ठाऊक.

दोन हजार दहाच्या आसपास पनवेलच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचे. पृथ्वीमागे चुंबकीय क्षेत्राची लांब शेपूट असते. तिच्यातला तापलेला, विद्युतभारित वायू—प्लाझ्मा—कधी कधी जोरात पृथ्वीकडे उसळतो आणि ध्रुवांकडचं आकाश उजळतं. हे कॉम्प्युटरवर घडवून दाखवणारा प्रोग्राम मी लिहिला. विचुंब्याच्या भाड्याच्या खोलीत बसून, आलेली स्थळं परतवून. त्यावरचा शोधनिबंध छापून आला, तर त्यावर एकच नाव—विभागप्रमुख करंदीकर सरांचं. विचारलं, तर हसले. "अगं, टायपिंग करणाऱ्याचं नाव कोण घालतं?"

टायपिंग!

मी त्यांच्यासोबतचं काम सोडलं. प्रोग्राम त्यांच्याकडेच राहिला. पुढे माझ्याजवळची त्याची जुनी प्रत चाळताना मला माझीच चूक सापडली—विद्युतप्रवाहाचं चिन्ह उलटं. जिथे अंधार हवा, तिथे प्रकाश पडत होता. सर त्याच निष्कर्षांवर परिषदेत बोलणार होते. कॉलेजातलाच एक जिना चढून त्यांना सांगायचं, एवढंच. चढले नाही. उलट, भाषणाला पुढच्या रांगेत जाऊन बसले. एका पाहुण्याने सगळ्यांदेखत चूक दाखवली, सरांचा चेहरा उतरला—काय सांगू, किती बरं वाटलं!

पण सर पडले नाहीत. त्यांनी बोट दाखवलं निलोफरकडे. त्यांची विद्यार्थिनी, उरणची. घरातली पहिलीच पीएचडी करणारी. म्हणाले, "हिनेच प्रोग्राममध्ये काहीतरी बदललं."

ती माझ्याकडे आली. "मॅडम, अल्लाकसम, मी त्या ओळीला हातसुद्धा नाही लावला. मूळ प्रोग्राम तुमचा ना? तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

माझा—हेच तर जगाने म्हणावं म्हणून मी जळत होते ना? पण आता बोलले, तर चूकही माझी. सर म्हणाले असते, बघा, म्हणूनच हिचं नाव घातलं नाही. तो आनंद त्यांना द्यायचा? मी?

"इतकं जुनं मला आठवत नाही गं," मी म्हणाले.

तिने पीएचडी सोडली. सर हारतुरे घेऊन निवृत्त झाले. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मागे पळस्प्याला एसटीची वाट बघताना निलोफर दिसली. आपणहून जवळ आली, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मला तेव्हा खरंच आठवलं नव्हतं, असं ती अजून समजते.