माहेरची ढब

बाई उठल्या आणि माझ्या हातातलं पन्हं माझ्याच साडीवर सांडलं. अवं माय! मी जवळजवळ किंचाळलेच. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका जुन्या मराठी घरात चैत्रातलं हळदीकुंकू चाललं होतं. मैत्रिणीच्या ओळखीनं मी गेले होते. आम्ही साऱ्या बायका जमखान्यावर मांडी घालून बसलो होतो आणि घरच्या मालकीणबाई, साठीच्या आसपासच्या, डाळ, इथल्या भाषेत कोसंबरी, वाढायला म्हणून उठल्या. कशा उठल्या? आधी एका कुशीवर वळल्या, मग दोन्ही हात जमिनीला टेकले, मग कंबर वर, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं करत करत स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत वर आल्या. पदर सारखा केला आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "कोसंबरी कुणाला हवी?"

गुडघे दुखणाऱ्या बायका मी काय कमी पाहिल्यात? त्या भिंत धरतात, 'आई गं' करतात. ही बाई कण्हली नाही की थांबली नाही. असं उठणारं दुसरं एकच माणूस मला माहीत होतं आणि ते माझ्या शेजारी बसून बत्तासे खाऊन राहिलं होतं. माझी लेक. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"आई, पाहिलंस? माझ्यासारखं!"

आता यात एवढं नाचण्यासारखं काय, असं वाटेल. सांगते. लेक दुसरीत असल्यापासून जिन्यावर पडायला लागली. तेव्हा आम्ही नागपूरला. कोणी म्हणालं कॅल्शियम द्या, कोणी म्हणालं लाडावली आहे पोट्टी. नवऱ्याची बदली झाली, सर्जापूर रोडवर फ्लॅट घेतला आणि इथे एक डॉक्टरीणबाई भेटल्या, आनुवंशिक आजारांच्या. त्यांनी तपासण्या केल्या आणि एका जनुकात एक बदल सापडला. सापडला खरा, पण तो आजाराचं कारण की निरुपद्रवी, हे कोणालाच सांगता येईना, कारण असा बदल असलेलं दुसरं माणूसच कोणी पाहिलेलं नव्हतं. रिपोर्टवर छापलं होतं, 'अर्थ अनिश्चित'. मी तिथेच भडकले. "अनिश्चित म्हणजे काय? पोरगी रोज पडून राहिली ते तर निश्चित आहे ना!"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असंच उठणारं दुसरं माणूस आणा. त्याच्यात हाच बदल निघाला, तर या आजाराला नाव देता येईल."

नाव नाही म्हणून माझी लेक देशाच्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात बसत नव्हती. धोरणात नाही म्हणून मदत नाही, आणि नव्या औषधांच्या चाचण्यांच्या दारातही कोणी उभं करत नव्हतं. दुर्मिळ म्हणवून घ्यायलाही आधी ओळखपत्र लागतं, बाप्पा!

म्हणून मी त्या बाईंच्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात घुसले. सगळे त्यांना अक्का म्हणत होते, मीही म्हटलं. आपल्या बायकांची रीत ठरलेली: आडनाव काय, मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं. अक्कांच्या घराण्याला बेंगळुरूत येऊन पिढ्या उलटल्या, तरी कुलदैवत विसरले नव्हते. त्यांच्या माहेरचं आणि माझ्या सासरचं कुलदैवत एकच निघालं! आमचं लग्नही लांबच्या नात्यातलंच. म्हणजे मागे कुठेतरी रक्त एकच!

"अक्का, तुम्ही उठता ते असं..."

अक्का मोकळं हसल्या. "ती आमच्या माहेरची ढब गं! आमचा अण्णा असाच उठतो. आमची आत्या अशीच उठायची. मी नवी नवरी होते तेव्हा सासरचे म्हणायचे, आली बघा चढण चढून!"

"ढब कसली अक्का, तो आजार आहे!"

माझं तोंड म्हणजे फुटका नळ. कढईपाशी त्यांची भाची उभी होती, तिचा झारा हवेतच राहिला. अक्कांचं हसू मावळलं.

"स्वल्प हळू बोल. आमच्याकडे रोगबिग काही नाही. हिचं लग्न ठरतंय, कळलं?"

कळलं. न कळायला काय झालं? मी तोंडात मारल्यासारखी बाहेर आले. पाच मिनिटांपूर्वी जे हातात आलं होतं ते मीच घालवलं.

पण लेक माझ्यासारखी नाही. अक्का ओटीचं ताट घेऊन बाहेर आल्या तेव्हा तिनं सरळ विचारलं, "अक्का, तुम्ही आधी कोणता पाय घेता? माझा मध्येच घसरतो."

अक्का थबकल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. मग ताट खाली ठेवलं आणि चक्क तिच्याशेजारी बसल्या. "डावा पाय आधी. पोटाशी घे. आता वळ. हं, आता चढ." दोघी एकदम उठल्या. लेकीनं उठल्याबरोबर टाळी दिली. "आई, सोप्पं झालं गं!" मग काय, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. बायका हसायला लागल्या. अक्काही हसत होत्या, पण त्यांचे डोळे लेकीच्या पायांवरून हलत नव्हते.

निघताना मी ओटी घेतली आणि एकदाचं सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात इथेच बसवनगुडीत, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये सभा आहे. दिल्लीहून अधिकारी येणार. आपल्या देशात दुर्मिळ आजार कोणाला म्हणायचं, यावर आमच्यासारख्यांचं ऐकून घेणार. मलाही बोलायचंय. आणि लेकीच्या डॉक्टरीणबाईंना तपासायला तुमचं थोडं रक्त लागेल. तुम्ही या.

"सरी, ये आता," अक्का म्हणाल्या. सरी म्हणजे बरं. येते असंही नाही, येत नाही असंही नाही.

कॅबमध्ये लेकीचं तोंड बंद होईना. अक्कांनाही उंच पायरीचा राग येतो. त्यांनाही शाळेत डोंगर-का-पाणी खेळताना पहिलं आउट करायचे. अक्का म्हणाल्या, पुढच्या वेळी मी तुला बसमध्ये चढायची ट्रिक शिकवते. एवढी खूश मी तिला वाढदिवसालाही पाहिली नव्हती. घरी आल्याबरोबर मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तर त्याही ओरडल्याच, "खरंच? रक्त देतील का त्या?" मी म्हटलं, माझ्या जिभेनं घोटाळा केलाय. नवरा बाजूनं म्हणाला, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी म्हटलं, गुडघ्याचं नाव काढू नकोस!

सभेच्या दिवशी मी सारखी दाराकडे पाहून राहिले होते. अक्का दिसल्या नाहीत. समोर तज्ज्ञांचं चाललं होतं. बाहेरच्या देशांनी आकडा ठरवलाय, इतक्या लोकांमागे इतक्यांहून कमी रुग्ण असले की आजार दुर्मिळ. आपण कोणता आकडा घ्यायचा? एक म्हणे हा, दुसरा म्हणे तो, तिसरा म्हणे आकडा नकोच, आजार किती गंभीर ते पाहा. तासभर ऐकून माझं डोकं तापलं. माइक हातात आला तेव्हा घरी पाठ केलेलं सगळं उडून गेलं.

"साहेब," मी हिंदीत सुरू केलं, "कमी आहेत, जास्त आहेत म्हणता, पण मोजलं कोणी? आमच्या घराघरात लोक याला लाड म्हणतात, ढब म्हणतात, नशीब म्हणतात. मुलींची लग्नं अडतील म्हणून दारं लावून घेतात. जे दार लावून बसलेत ते तुमच्या आकड्यात येणार कसे? आधी दार वाजवा, मग आकडा ठरवा!"

टाळ्या पडल्या. दिल्लीचा साहेब भला माणूस होता, शांतपणे म्हणाला, "बहेनजी, बरोबर आहे. पण सांगा, तुमच्या मुलीसारखे देशात किती आहेत?"

"एक," मी म्हटलं. समोरच्या रांगेत लेक मान खाली घालून बसली होती.

"दुसरं कोणी?"

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शेवटच्या रांगेत अक्का! कधी येऊन बसल्या कोण जाणे. शेजारी भाची. तिनं हात पुढे केला, तो अक्कांनी बाजूला सारला. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून उठायला गेल्या, पण प्लास्टिकची खुर्ची मागे घसरली आणि त्या परत खाली बसल्या. सगळा हॉल वळून पाहायला लागला. मला धावत जावंसं वाटलं.

"अक्का, डावा पाय आधी!" लेक खुर्चीतूनच ओरडली.

अक्का खुदकन हसल्या. डावा पाय आत घेतला, हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, आणि भर सभेत स्वतःच्या पायांवर चढून ताठ उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "रक्त पाहिजे होतं ना? घ्या."

"माझंही घ्या," भाची म्हणाली.

"अगं, आणि तुझं लग्न?" मी विचारलं, तेही माइकमध्ये! साऱ्या हॉलला ऐकू गेलं.

"सांगितलं त्याला सगळं," भाची म्हणाली. "त्यानंच आणलंय आम्हाला. खाली गाडी लावायला जागा शोधतोय."

हॉलभर हशा पिकला. माझे डोळे वाहून राहिले होते आणि मी हसतही होते. सभेला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी साहेबांना काय ते समजावलं. साहेबांनी पेन उचललं. "म्हणजे दोन?"

अक्कांनी मराठीतच उत्तर दिलं, साहेबांना कळो न कळो.

"दोन कसे? अण्णा घरी बसलाय. आत्या गेली, पण तिच्या मुली आहेत हुबळीला. आणि थोरल्या काकांचा मुलगा... स्वल्प थांबा, मला मोजू द्या."

आणि अक्का बोटांवर मोजायला लागल्या. पुढच्या रांगेत लेकीनंही बोटं वर धरली, आणि प्रत्येक नावाला ती एकेक बोट मिटत गेली.