मिस्टरच्या खिशातली चिठ्ठी

शुक्रवारी मॅच झाली, की बहरीनमधल्या माहूजच्या आमच्या फ्लॅटवर पोह्यांबरोबर मिस्टरचे किस्से निघतात. दर वेळी कुणीतरी नवा आणतो आणि जुना कुणी टाकून देत नाही. ढीग नुसता वाढतोय!

मिस्टर म्हणजे आमचा कोच. इटालियन. तिकडे कोचला मिस्टरच म्हणतात. तरुणपणी स्ट्रायकर, मग मॅनेजर, आणि आता इथे आम्हा मराठी इंजिनियर-अकाउंटंट लोकांचा गुरू! तो आला तेव्हा आम्ही लीगच्या तळाला होतो. शेवटच्या टीमला पुढच्या वर्षी लीगमध्ये जागाच नसते.

*

पहिल्या दिवशी त्याने प्रत्येकाला विचारलं, कुठे खेळतोस?

आमचा सुहास कोल्हापूरचा. छाती काढून म्हणाला, "सेंटर फॉरवर्ड. ओन्ली!"

मिस्टर म्हणाला, "मी दोन्ही विंगांवर खेळलो. मधे खेळलो. स्ट्रायकरच्या मागेही खेळलो. एकदा आमचा गोलकीपर बाहेर गेला, तर गोलमध्येसुद्धा उभा राहिलो."

"मग काय झालं?"

"यल्ला, पळा!"

*

त्या दिवसापासून दर मंगळवारी प्रॅक्टिसला कॉफीचा एक डबा यायचा. आत चिठ्ठ्या. जी जागा निघेल, तिथे खेळायचं. सुहास उशिरा यायचा, त्याची चिठ्ठी मिस्टरच काढून द्यायचा. दर वेळी गोलकीपर!

चौथ्या मंगळवारी तो भडकला. "मी गोलमध्ये उभारणार? पेठंत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई!" त्याने डबा उपडा केला. गोलकीपरची चिठ्ठी आत नव्हतीच. ती मिस्टरच्या खिशात होती.

"उशिरा येणाऱ्यासाठी ठेवतो," मिस्टर शांतपणे म्हणाला.

पुढच्या मंगळवारी सुहास सगळ्यांच्या आधी हजर! मिस्टरने खिशातून चिठ्ठी काढली. "शाब्बास! आज प्रॅक्टिस जास्त मिळेल."

*

मला अन्याय सहन होत नाही. कॉलेजात मी मोर्चे काढलेत! सरळ जाऊन म्हणालो, "मिस्टर, ही हुकूमशाही आहे."

"बरोबर. मतदान घेऊ. आज सुहासऐवजी गोलमध्ये कोण?"

अकरा बोटं माझ्याकडे वळली. त्यातलं एक सुहासचं.

*

बाब अल बहरीनजवळच्या चहावाल्याकडे मिस्टर टेबलावरच डावपेच मांडतो. मीठदाणी डिफेन्स, साखरेच्या पुड्या मिडफिल्ड, पुढे चहाचा कप म्हणजे सुहास. एकदा तो तावातावाने हल्ला समजावत होता. आमचे गोलकीपर डॉमनिकदादा, वसईचे, हॉस्पिटलातून थेट ड्यूटी संपवून आलेले. त्यांनी डुलकीतच कप उचलला आणि रिकामा करून ठेवला.

मिस्टर किंचाळला, "मफी स्ट्रायकर! स्ट्रायकरच नाही! दादाने पिऊन टाकला!"

*

शेवटची मॅच. बरोबरी झाली तरी आम्ही लीगमध्ये राहणार होतो. एक-एक चालू होतं. अगदी अखेरीस डॉमनिकदादा बॉलवर झेपावले आणि समोरच्यालाच आडवं केलं. पेनल्टी! वर रेड कार्ड! आमचे बदली खेळाडू तर कधीच संपले होते.

आम्ही मिस्टरकडे पाहिलं. त्याने खिशात हात घातलाच नाही.

सुहास गोलपाशी पोचलाही होता. "दादा, ग्लोव्हज काढा."

"पोरा, तो उजवीकडे मारेल बहुतेक. सांभाळ हं..."

"दादा, दर मंगळवारी गोलमध्ये उभारलोय मी. तुम्ही निवांत बघा!"

सुहास डावीकडे झेपावला. बॉल ढोपराला लागला, खांबाला लागला आणि बाहेर गेला. शिटी वाजली. आम्ही लीगमध्ये राहिलो!

आम्ही सुहासला खांद्यावर घेतलं. मी तर गळा फुटेस्तोवर ओरडत होतो. माझी टीम होती ती! वर सुहासचं भलतंच चाललेलं, "फोटो काढू नका रे! पेठंत कळंल!"

मिस्टर सावकाश चालत आला. सुहासच्या हातातला एक ग्लोव्ह काढून त्याने स्वतःच्या हातात घातला. मूठ वळली, उघडली.

"मी उभा राहिलो, तेव्हा चार गोल खाल्ले होते," तो म्हणाला.