जावयाचा मान आणि माझी गाठ

आमच्या घरात जावई आला की मी डोक्यावर पदर घेते. हा जावई तर वन्संचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, आणि वर डॉक्टर, तोही ऑपरेशनवाला. हिंजवडीशेजारच्या माणमधल्या आमच्या अख्ख्या भावकीत दुसऱ्या कुणाचा जावई सर्जन नाही. वन्सं त्याचा विषय काढायच्या आधी ऐकायला चार माणसं आहेत ना ते बघून घेतात. मलाही तो आवडतो. शांत आहे, हाताला गुण आहे, गरिबाला लुबाडत नाही. एवढं आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून कुणी त्या पोराला नावं ठेवायचं.

गेल्या दिवाळीच्या आधी अंघोळ करताना डाव्या बाजूला एक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. घरात सणाची धांदल, वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या, त्यांच्या पाण्याच्या नि मोटरीच्या तक्रारी. तरी मी अंगावर काढलं नाही, लगेच ह्यांना सांगितलं. ह्यांनी वन्संना फोन केला, वन्संनी जावयाला. घरचा डॉक्टर असताना दुसरीकडं जायचा विचारसुद्धा कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

पौड रोडला त्याचा दवाखाना आहे. मी पदर घेऊन खुर्चीत बसले. त्यानं टेबलावरच्या काचेकडं बघत विचारलं, "मामी, त्या बाजूला कधीपासून जाणवतंय?" मी माझ्या मांडीकडं बघत सांगितलं. मग नर्सला मध्ये उभं करून त्यानं तपासलं, पण नजर सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मी डोळे गच्च मिटले होते. कधी एकदाचं उरकतंय असं दोघांनाही झालं होतं. त्याची मी मामेसासू. एरवी जेवायला बसला तर मी वाढते आणि तो "बास मामी, बास" म्हणतो, एवढंच आमचं बोलणं.

सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा तो ह्यांना म्हणाला, "मामा, तुम्ही आत या. मामींना बसू दे बाहेर." मी बसले बाहेर. हे आले ते तोंड उतरवूनच. गाडीत म्हणाले, "कॅन्सर हाय. पर लई फुडं गेल्याला न्हाई म्हनं. घाबरायचं न्हाई. येत्या गुरवारी काढून टाकायचं." मी पिरंगुटपर्यंत रडत आले. घरी येऊन भाकऱ्या थापल्या, कारण थापायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या आणि घराचा ताबाच घेतला. माझी बॅग भरायला लागल्या. "वैनी, तुमी कशाची बी काळजी करू नका. जावई सोता करनारेत. त्यांनी समदं ठरवलंय." सगळं ठरलं होतं. कोण सोबत राहणार, डबा कोण आणणार, गावात काय सांगायचं. भेटायला येणाऱ्या बायका वन्संनाच विचारत होत्या आणि वन्संच उत्तरं देत होत्या. मी चहा करत होते.

आमच्या वरच्या खोलीत अमरावतीकडची एक मुलगी भाड्यानं राहते, आयटी पार्कात कामाला आहे. ती सुट्टीच्या दिवशी खाली येऊन ओट्याशी उभी राहिली. तिला तोंड फिरवून बोलता येत नाही. सरळ म्हणाली, "काकू, ऑपरेशन कोणतं आहे? फक्त गाठ काढणार की पूर्ण?"

मी गॅस बारीक केला. "गुरवारी हाय," म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?"

"मला?" मी म्हणाले. "मला कुटं काय म्हनले."

आणि हे बोलले तशी माझी मलाच चीड आली. अरे, गुरुवारी माझ्या अंगावर सुरी चालणार, घरात गॅसवाल्यापासून सगळ्यांना माहिती, आणि मला ठाऊक नाही की काय कापणार! गॅस बंद केला आणि तशीच ओसरीवर गेले. हे पेपर वाचत बसले होते.

"गुरवारी काय काढायचंय?"

"ते."

"ते म्हंजी काय? गाठ का समदं?"

ह्यांनी पेपराची घडी घातली. चपलांकडं बघत राहिले. "समदंच असंल. जावई म्हनले, तो पार्ट काढावा लागंल."

पार्ट! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "पार्ट? मी काय ट्रॅक्टर हाय व्हय? आन ट्रॅक्टरचा पार्ट काढायचा असला तर मेकॅनिकच्या डोक्यावर बसून इचारता, का काढतो, कशापायी काढतो, जुनाच बसंल का. माझ्या येळंला तुमच्या तोंडाला कुलूप?"

"जावयाला काय इचारनार गं? आन तसलं?"

तसलं. म्हणजे ज्याला नाव घ्यायचं नाही असलं. मला तेव्हाच कळलं की त्या केबिनमध्ये दोन पुरुष माझ्याविषयी बोलले आणि दोघांनी मिळून तो शब्द टाळला. जावयाला मामेसासूचं बोलायची लाज, ह्यांना जावयासमोर बायकोचं ऐकायची लाज. आणि त्या लाजेपायी मी बाहेर.

"मला दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचंय," मी म्हणाले. "परक्या. ज्याचं आपल्याशी काय नातं न्हाई असल्या."

झालं! घरात जणू मी चोरी केली. वन्सं घडी घालत होत्या ती साडी तशीच टाकून आल्या. "म्हंजी आमच्या जावयावर इस्वास न्हाई? अवो, अधिक म्हैन्यात त्यांला चांदीचं ताट दिलं तवा तुमीच ओवाळलं ना? त्यांला कळलं तर काय वाटंल? आमचं नाक कापायला निघालात व्हय?"

"वन्सं, नाक तुमचं कापनार न्हाईत. कापनार ते माझं हाय."

"पर ते काय चुकीचं सांगत्यात का?"

"मी कुटं म्हनले चुकीचं सांगत्यात? मला सांगितलंच न्हाई, तर चूक का बरोबर मला कसं कळंल?" मग मी ह्यांच्याकडं वळले. "आन तुमी! वढ्याकडंच्या बांधाची मोजनी पटली न्हाई म्हनून फेरमोजनी आनली. तवा मोजनीवाल्याचा अपमान झाला न्हाई. हातभर बांधासाठी दोनदा मोजायचं आन माझ्या अंगाला एकदाच?"

मी आत गेले. थोड्या वेळानं हे उठून माझ्यामागं स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "तसं न्हाई गं. ह्यात दिवस गेलं, पसरलं, तुला काय झालं तर मी काय करू?" इतक्या वर्षांत ह्या माणसानं मला असं कधी विचारलं नव्हतं. माझं काळीज हललं, खोटं कशाला बोलू. पण मी मागं हटले नाही. तीच भीती मलाही होती. म्हणून वरच्या मुलीला पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात फोन लावायला सांगितला आणि पहिलं तेच विचारायला लावलं. तिकडून सांगितलं, महिने घालवू नका, पण एवढ्या थोड्या दिवसांनी बिघडत नाही, या. येताना रिपोर्ट आणा, आणि तपासलेल्या तुकड्याच्या काचाही आणा, आम्ही परत बघू.

त्या काचा मागितल्या तर लॅबवाले देतात हे मला माहीतच नव्हतं. ती मुलगी अर्धी सुट्टी टाकून मला स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेली. एका छोट्या डबीत घालून दिल्या. उन्हात धरून बघितलं तर जांभळट डाग. मी ती डबी पिशवीत टाकली नाही, घरापर्यंत मुठीत धरून आणली. गुरुवार गेला. वन्संनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं आणि गावात सगळ्यांना सांगितलं होतं की वैनीला शिंगं फुटल्यात. फुटलीच होती.

पुण्याला न्यायला शेवटी हेच तयार झाले. हिंजवडीच्या गर्दीत गाडी अडकली तरी ह्यांनी हॉर्न दाबला नाही. तिथला डॉक्टर पुरुषच निघाला. वयानं जावयाएवढाच. हे सवयीनं माझ्या आधी सुरू झाले, "हिच्या डाव्या साईडला..." मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी सांगते. मला झालंय."

त्या डॉक्टरनं नीट तपासलं. कॅलेंडरकडं नाही, जिथं बघायचं तिथं बघून. मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटली. ना जावई, ना दीर, ना भाचा. त्याच्या पानात मी कधी भाकरी वाढली नव्हती. मग रिपोर्ट नि काचा बघून झाल्यावर आमच्यासमोर बसून, माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या डाव्या स्तनात दोन ठिकाणी कॅन्सर आहे. एक गाठ तुम्हाला लागली ती. दुसरी लहान आहे, जरा लांब, हाताला लागत नाही. दोन्ही काढून मग उरलेला स्तन नीट राहील असं मला वाटत नाही. माझ्या मते पूर्ण स्तन काढावा."

स्तन. किती साधा शब्द. कानाला काही इजा झाली नाही.

"दुसरी गाठ हाय, हे आधीच्या रिपोर्टात हुतं का?"

"होतं. पहिल्याच रिपोर्टमध्ये."

म्हणजे जावयाला माहीत होतं. त्यानं विचार करूनच ठरवलं होतं, बरोबरच ठरवलं होतं. मी मनातल्या मनात त्या पोराला शाबासकी दिली आणि त्याच दमात चार शिव्याही दिल्या. मग माझ्याकडं होते नव्हते तेवढे प्रश्न काढले. हात वर जाईल का? हंडा उचलता येईल का? परत होईल का? कपडे घातल्यावर कसं दिसेल, आणि नसताना कसं दिसेल? त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. काहींना "हे आत्ता मला सांगता येणार नाही" असंही म्हणाला. मध्येच मला रडू आलं तेव्हा तो थांबला, मी डोळे पुसले, मग पुढं बोलला. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या स्तनासाठी रडले. तोवर नुसती कॅन्सरला घाबरून रडत होते.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "तेच निघालं की शेवटी."

"तुमाला तेच दुसऱ्यांदा सांगितलं," मी म्हणाले. "मला आज पयल्यांदा कुनी सांगितलं."

ह्यांनी गाडी चालू केली नव्हती. म्हणाले, "चुकलं माझं." मी म्हणाले, "व्हय, चुकलं. चला आता."

घरी वन्सं ओसरीवरच होत्या. ह्यांच्याकडून कळल्यावर त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी. "बघा! आमच्या जावयाचंच खरं झालं! फुकट तंगडतोड केली." मी म्हणाले, "वन्सं, ऑपरेशन तुमच्या जावयाकडंच करनार." त्या गारच पडल्या. सगळ्यांना वाटलं मी आता परक्याकडंच हट्टानं जाणार. कशाला? पोराचा हात चांगला आहे, दवाखाना जवळ आहे, आणि तो बरोबर होता. पण एक गोष्ट राहिली होती. मी सगळ्यांसमोर त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"जावईबापू, मामी बोलतेय."

"हां मामी, बोला ना." आवाज अवघडलेला. सगळं त्याच्या कानावर गेलेलं होतं. "मामा आहेत का? त्यांना देता का फोन?"

"मामा हितंच हायेत. फोन मी केलाय. ऑपरेशन तुमीच करायचं."

"हो मामी, नक्की. काही काळजी करू नका, मी मामांना तारीख कळवतो."

"थांबा. तारीख मला कळवायची. आन आधी मला सांगा, माझं काय काढनार तुमी?"

"मामी, ते... दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल ना तुम्हाला. तो भाग..."

"त्यांनी सांगितलं. आता तुमी सांगा. ज्याला नाव घेता येत न्हाई, त्याच्या हातात मी सुरी देनार न्हाई."

वन्संनी "अगं बाई" म्हणून भिंत धरली. फोनमधून नुसता त्याच्या दवाखान्यातला पंख्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवला नाही, एक शब्दही बोलले नाही. अजून उभी राहिले असते, दिवस मावळेपर्यंत.

मग त्यानं घसा साफ केला.

"मामी, तुमचा डावा स्तन पूर्ण काढावा लागेल. दोन ठिकाणी कॅन्सर आहे, म्हणून. तुमची परवानगी आहे का?"

"हाय," मी म्हणाले. "आता काढा."