सहा पाकळ्या

कौल, प्रसाद, नवस... मी यातलं काही मानत नाही. आजही नाही. पेडण्याच्या बाजारात अवयवदानाची पत्रकं वाटणारा माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण आत ठेवणं जमत नाही.

आमचं घर कोरगावला. ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आई आपली द्यायला तयार होती. टिश्यू टायपिंगमध्ये पेशींवरच्या सहा खुणा ताडून बघतात; दोघींच्या सहापैकी तीन जुळल्या. आईच्या पेशींवर ताईचं रक्त तुटून पडतं का, ते क्रॉसमॅचमध्ये बघतात. तीही निगेटिव्ह — म्हणजे चांगली.

तरी आई मला ओढत देवळात घेऊन गेली, प्रसाद लावायला. भटजींनी मूर्तीवर सहा ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आईच्या नावाने तीन उजव्या, तीन डाव्या.

"देव अर्धोच हयकार दिता," भटजी म्हणाले.

मी हसलो. "आईशी अर्धंच जुळतं, भटजी. माझ्या पत्रकातसुद्धा आहे ते!"

मग आईने मला न विचारता माझं नाव घेतलं. पाकळ्या मी चेष्टेने मोजत होतो. सहाच्या सहा उजव्या.

"पुता, तूंय तपासून घे रे."

मी भडकलो. देवाने सांगितलं म्हणून सुई टोचून घेऊ? उद्या गावभर तेच सांगत फिराल! आणि आईचं जुळतंय ना?

घरी ताई खो खो हसली. "गावाक अवयव दिया म्हणून सांगता, आनी स्वतः सुयेक भियेता!"

ऑपरेशनच्या तोंडावर क्रॉसमॅच पुन्हा केली. पॉझिटिव्ह. मधे ताईला रक्त चढवावं लागलं होतं, त्यातून अँटिबॉडी तयार झाल्या असतील, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे याला कारण आहे. पण आईची किडनी आता चालणार नव्हती. त्याच दिवशी मी माझं रक्त दिलं.

माझा रिपोर्ट यायच्या आधीच ताईला इन्फेक्शन झालं... ती गेली. तिसऱ्या दिवशी कागद हातात आला.

"कितलें जुळ्ळें?" आईने विचारलं.

"सहाच्या सहा."

कागदाची घडी घालून आईने तो ताईच्या फाइलीत ठेवला.

योगायोग म्हणाल. म्हणा, मीही तेच म्हणतो. भावंडांत चारात एकाचं पूर्ण जुळू शकतं, हे लोकांना मीच समजावतो. पण त्या पाकळ्यांचं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.

मी का थांबलो, याचं मात्र आहे. ताईने ते हसता हसता ओळखलं होतं; आईला अजून सांगता आलेलं नाही.