वेंडलने थेल्डाचं घर ओढून नेलं त्या दिवशी

थेल्डा ब्रिक्सने आयुष्यात पहिला दात पाडला तो स्वतःच्या नवऱ्याचा. वेंडल मार खाणाऱ्यातला नव्हता, देणाऱ्यातला होता. लग्नानंतर बरीच वर्षं त्याने तो दिला आणि तिने घेतला. एका सकाळी डुकराचं मांस तळताना त्याने तिचा हात तापलेल्या शेगडीवर दाबून धरला. तिने दुसऱ्या हाताने बिडाचा तवा उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. त्यानंतर ती त्या संसारात राहिली नाही. कोर्टाने घर वेंडलला दिलं आणि ट्रेलर तिला.

हा ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घरच. त्याची मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर बसवायची आणि घर घेऊन निघायचं. पाइपलाइनच्या कामावरचे वेल्डर वायोमिंगभर अशाच घरांतून राहतात. काम संपलं की घर उचलायचं आणि पुढच्या कामावर नेऊन ठेवायचं. थेल्डाही वेल्डरच होती. त्या टोळीत बाई एकटी तीच, आणि दोन-तीन जणांची नाकं वाकडी झाल्यावर तिला छेडायला कुणी येत नसे.

तिच्या बापाने जन्मभर गुरांचे ट्रेलर ओढले होते. त्याचं एक सांगणं तिने कधी मोडलं नाही. "डबा नाक वर करून चालला की मागच्या चाकांचा जीव जातो, आणि नाक खाली घालून चालला की पुढच्यांचा. आडवा, सरळ चालला पाहिजे, पोरी." म्हणून ट्रेलर जोडला की ती वीस पावलं लांब जाऊन जमिनीवर गुडघे टेकायची आणि एक डोळा मिटून बघायची.

"थेल्डा, प्रार्थनेला बसलीस काय?" शेजारच्या ट्रेलरमधले गडी विचारायचे.

"तुमच्यासाठी अक्कल मागतेय. वरून उत्तर येत नाही."

रॉलिन्स गावाबाहेर टोळीचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. पंपघराचं काम रात्रपाळीत चालू होतं. थेल्डा सकाळी यायची, कानांत बोळे घालायची आणि दुपार टळेपर्यंत मेल्यासारखी झोपायची. त्या दिवशी तिचा पिकअप गावात दुरुस्तीला टाकलेला होता आणि सोबतच्या गड्याने तिला दारात आणून सोडलं होतं. दारात गाडी नाही, म्हणजे बाई घरात नाही, असं बघणाऱ्याला वाटलं तर त्यात नवल नव्हतं.

बघणारा वेंडल होता. ट्रेलरमधली कपाटं आपल्या हाताने बनवलेली आहेत, तेव्हा ट्रेलरही आपलाच, हे त्याच्या डोक्यातून इतक्या वर्षांत गेलं नव्हतं. त्याने नवा उंच पिकअप घेतला होता. भर दिवसा तो मुक्कामावर आला, चाकांखाली अडकवलेल्या उट्या काढल्या, ट्रेलर जोडला आणि निघाला. कुणी विचारलंही नाही. तिथे रोज कुणी ना कुणी घर उचलून जातच असतं.

ट्रेलर हलला तेव्हा थेल्डाला झोपेत वाटलं, वाराच आहे. त्या माळावर वारा रोजच घर हलवतो. तिने कूस बदलली. मग ती पलंगावरून घसरली, दोन पायऱ्यांवरून गडगडत खाली आली आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर आदळून जागी झाली.

कानांतले बोळे तिने उपटून काढले. खाली रस्ता धडधडत होता. खिडकीतून खांब मागे पळत होते. ओट्याखालच्या टोपलीतले कांदे सांडून घराच्या मागच्या भिंतीकडे घरंगळत गेले आणि तिथेच गोळा होऊन राहिले. तिला तेवढं पुरलं. ट्रेलरचं नाक वर होतं. सगळा भार मागच्या चाकांवर बसला होता, आणि जो कोणी ओढत होता तो वेड्यासारखा हाकत होता. पुढच्या खिडकीतून तिला पिकअपची काच दिसली आणि काचेआड वेंडलची मान. ती मान तिने हजारात ओळखली असती.

तिने भिंतीवर मुठी आपटल्या. वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार? फोन दुरुस्तीला दिलेल्या गाडीत राहिला होता. वेंडलने मोठा रस्ता सोडून जुना धरला होता, तिथे समोरून येणारंही कुणी नव्हतं. वारा आडवा लागला की ट्रेलरची शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे जाई, आणि तिच्याबरोबर थेल्डाही. फ्रिजचं दार उघडलं आणि बीटाच्या लोणच्याच्या बाटल्या बाहेर येऊन फुटल्या. काचांवरून घसरताना तिचे तळपाय फाटले. तवा खिळ्यावरून सुटला आणि तिच्या बरगडीवर बसला. तिने तो पकडला आणि सोडला नाही.

मागचं चाक फुटलं तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. घर एका बाजूला कललं, टायरच्या चिंध्या तळाला फटाफट आपटू लागल्या, आणि वेंडलने कसाबसा पिकअप खडीत उतरवून थांबवला. ट्रेलरच्या ब्रेकची तारही त्याने घाईत जोडली नव्हती. ट्रेलरने पिकअपला मागून असा धक्का दिला की थेल्डा दारावर जाऊन आदळली.

दार उघडून ती बाहेर आली. अंगात झोपायचा सदरा, पाय अनवाणी आणि रक्ताळलेले, हातात तवा. वेंडल फुटलेल्या चाकाशी टॉमी, चाक खोलायची लोखंडी पहार, घेऊन उभा होता. तिला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तू आत होतीस?"

"माझं घर आहे. मग कुठे असणार?"

"मला वाटलं, कामावर असशील."

"मारायचंच होतं तर निदान उठवून तरी मारायचंस."

वेंडलला हसू आलं. त्यात वाईट हेतू नसेलही, भीतीनेही माणूस हसतो. पण ते हसणं थेल्डाने अठरा वर्षं ऐकलं होतं. तिने तवा फिरवला. तो त्याच्या खांद्यावर बसला. त्याने टॉमी घातली ती तिने हातावर घेतली, आणि उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तवा पडला. ती तशीच डोकं खाली घालून त्याच्या पोटात घुसली, दोघं खडीत कोसळले आणि टॉमी लांब उडाली. तिने त्याच्या गालाचा लचका तोडला. त्याने तिच्या डाव्या कानावर मूठ घातली, पुन्हा घातली, आणि त्या बाजूचा वारा एकदम बंद झाला. मग तो तिच्या छातीवर बसला, तिचं डोकं तापलेल्या चाकावर दाबलं आणि दोन्ही हातांनी गळा धरला. केस जळल्याचा वास येत होता.

तेवढ्यात पिकअपचं दुसरं दार उघडलं. वेंडलची नवी बायको खाली उतरली. रोवेना तिचं नाव. थेल्डापेक्षा बरीच लहान, काडीसारखी, एका डोळ्याखाली पिवळा पडत चाललेला डाग. गाडीत कोणी आहे हे थेल्डाला ठाऊकच नव्हतं.

वेंडलने मान न वळवता सांगितलं, "रोवेना, गाडीत बस."

रोवेनाने खडीतली टॉमी उचलली. पहिला घाव तिने त्याच्या पाठीवर इतका हलका घातला, जणू परक्याच्या दारावर टकटक करतेय. वेंडल वळला. "काय केलंस तू?" त्याने खरोखर चकित होऊन विचारलं. दुसरा घाव हलका नव्हता. तो जबड्यावर बसला. वेंडल आडवा झाला तेव्हा तिसरा गुडघ्यावर बसला, मग चौथा पुन्हा तिथेच. तो किंचाळत होता. ती तोंड मिटून, कपडे धोपटावेत तशी धोपटत होती.

थेल्डा खोकत उठली. हा माणूस मरावा असं तिने कितीदा मागितलं होतं, आणि आता तो तिच्यासमोर मरत होता. तिने रोवेनाचा चेहरा पाहिला आणि ती वेंडलच्या अंगावर आडवी पडली. पुढचा घाव तिच्या पाठीवर आला.

"पुरे, पोरी."

"बाजूला व्हा."

"मेला तर तुला आत टाकतील."

"टाकू देत."

"याच्यासाठी? याच्यासाठी आणखी वीस वर्षं घालवणार तू?"

टॉमी खाली आली. रोवेना खडीत बसली आणि ओकली.

रोवेनाच्या फोनला रेंज नव्हती. दोघींनी वेंडलला उचलून पिकअपच्या मागच्या सीटवर घातलं. ट्रेलर इथेच सोडून जाऊ, असं रोवेनाला वाटलं. थेल्डाने नकार दिला. तीन चाकांवरचा, नाक वर केलेला डबा त्या वाऱ्यात तासभरही उभा राहिला नसता. शिवाय ते तिचं घर होतं. ती मोडका हात छातीशी धरून सांगत गेली आणि रोवेना करत गेली. ट्रेलरचे लोखंडी पाय खाली सोडून तो उभा केला, पिकअप सोडवला, नाक खाली यावं म्हणून हौद्यातला जोड वरच्या भोकातून काढून खालच्यात बसवला, चाक बदललं, ट्रेलर पुन्हा जोडला, ब्रेकची तार लावली. मागच्या सीटवरून वेंडल मोडक्या जबड्याने शिव्या देत होता, मग विनवण्या करू लागला, मग गप्प झाला. तो गप्प झाल्यावर रोवेना दोनदा जाऊन त्याचा श्वास बघून आली. थेल्डा एकदाही गेली नाही. तिने लांब जाऊन गुडघे टेकले, एक डोळा मिटून बघितलं आणि मगच म्हणाली, "चल. हळू हाक."

दवाखान्यात शेरीफचा माणूस आला. ऑर्डन नावाचा, थकल्या चेहऱ्याचा.

"आधी चाक बदललंत आणि मग दवाखान्यात आलात?"

"वाकडा ट्रेलर घेऊन आले असते आणि वाटेत उलटला असता, तर तुम्हीच मला धरलं असतंत."

"याला कुणी मारलं?"

"मी."

"सगळे घाव?"

"सगळे."

ऑर्डनने तिच्या प्लास्टरमधल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मोडक्या हाताने?"

"दुसरा होता ना."

त्याने भिंतीशी बसलेल्या रोवेनाकडे पाहिलं. तिच्या डोळ्याखालचा डागही पाहिला. मग तो म्हणाला, "बाई, तुमचा दुसरा हात फार चांगला दिसतोय," आणि टोपी घालून निघून गेला. वेंडलने कोर्टात वेगळं सांगितलं. पण ट्रेलर चोरला होता त्यानेच, आणि थेल्डाच्या गळ्यावर बोटं उमटली होती ती त्याचीच. त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर तो काठी टेकत माँटानाकडे गेला म्हणतात.

रोवेना तो हिवाळा थेल्डाकडे राहिली. ते दिवस सोपे नव्हते. एका पहाटे थेल्डा कामावरून आली आणि तिला उठवायला गेली, तर रोवेनाने झोपेतच तिच्या तोंडावर ठोसा मारला. थेल्डाने विचार न करता उलटा मारला. रोवेनाचा ओठ फुटला. मग थेल्डाने तिला बर्फ आणून दिला, स्वतःही घेतला, आणि दोघी जमिनीवर पाय पसरून बसल्या.

"तुम्ही मला का अडवलंत त्या दिवशी?" रोवेनाने विचारलं. "त्याची दया आली?"

"छे." थेल्डाने तोंडावरचा बर्फ बाजूला केला. "तू थांबत नव्हतीस. मीही थांबले नसते. एकीला तरी थांबायला हवं होतं."

वसंतात काम संपलं. तोवर रोवेना ट्रेलर ओढायला शिकली होती. नेब्रास्कात स्कॉट्सब्लफला तिची मावशी होती, तिथवर ट्रेलर तिनेच नेला. थेल्डा उजवा कान तिच्याकडे करून बाजूला बसली होती, कारण डाव्याला आता काहीच ऐकू येत नव्हतं. मावशीच्या दारात रोवेनाने आपली एकुलती बॅग उतरवली. मिठी मारावी की नाही हे दोघींनाही कळेना. शेवटी रोवेनाने थेल्डाच्या खांद्यावर हळूच एक ठोसा मारला.

"जमलं नाही," थेल्डा म्हणाली. "कोपर आत ठेव."

मग ती स्टीअरिंगमागे बसली आणि दक्षिणेला, पुढच्या कामाकडे निघाली.